ल्युवेनहॉकने जे पाहिलं, ते दुसऱ्याला दिसेना!

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत मी अधूनमधून यूएसबी मायक्रोस्कोप घेऊन जातो. ओटीजी केबलने फोनला जोडायचा, घोड नदीकाठच्या डबक्यातलं पाणी काचेवर टाकायचं. स्क्रीनवर काही वळवळलं, की प्रश्न ठरलेला: सर, हे पहिल्यांदा कोणी बघितलं?

तर तो माणूस म्हणजे अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक. जन्म १६३२, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट गाव. धंदा कापडाचा. कापडाचे धागे तपासायला तेव्हाचे व्यापारी भिंग वापरत, म्हणजे भिंगाची ओळख बहुधा दुकानातच झाली असणार. विद्यापीठात गेला नाही, लॅटिन येत नव्हतं. विद्वानांचा कारभार लॅटिनमध्ये, आणि हा गडी लंडनच्या रॉयल सोसायटीला बिनधास्त डच भाषेत पत्रं लिहायचा. १६७३ पासून जवळजवळ ५० वर्षं!

त्याचा मायक्रोस्कोप तुमच्या फोनहून लहान. धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये ज्वारीच्या दाण्याहून बारीक भिंग, मागे सुई. सुईच्या टोकावर नमुना ठेवायचा, स्क्रू फिरवून फोकस करायचा आणि पट्टी डोळ्याशी धरून उजेडाकडे बघायचं. अशी ५०० हून जास्त भिंगं त्याने केली. आज शिल्लक असलेल्यांतलं एक वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं. (आपल्या स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोपच्या खोक्यावर १००० पट लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. त्यातला बराचसा भाग नुसता स्क्रीनवर ताणलेला फोटो असतो.)

मिरी तिखट का लागते हे शोधायला त्याने ती पाण्यात भिजत घातली आणि त्या पाण्यात त्याला अतिसूक्ष्म जीव दिसले. १६७६ च्या पत्रात त्याने हे कळवलं. लंडनला पटेना. पटणार कसं? भिंगातून एका वेळी एकच डोळा बघणार, आणि चांगली भिंगं कशी करायची हे तो कोणाला सांगत नव्हता. शेवटी गावातल्या प्रतिष्ठित लोकांना दाखवून त्यांची साक्षपत्रं पाठवावी लागली. १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने स्वतः खटपट करून ते जीव पाहिले, तेव्हा कुठे शंका मिटली. १६८० मध्ये सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. पण हातची युक्ती त्याने शेवटपर्यंत राखून ठेवली. १७२३ मध्ये, नव्वदीत तो गेला.

त्याच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांचा मला राग येत नाही. मी चौथीत असताना आमच्या शाळेत एकच मायक्रोस्कोप होता, तोही वर्षातून एकदा कपाटाबाहेर यायचा. रांगेत माझा नंबर आला, मला फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या. मागून ढकलाढकली चाललेली. मी म्हटलं, दिसलं सर. सरांनाही कळायला मार्ग नव्हता.

म्हणून मला मोठेपणाच्या आकड्यापेक्षा स्क्रीन महत्त्वाची वाटते. गेल्या पावसाळ्यात दौंडकडच्या एका शाळेत मी स्क्रीनवरच्या एका गोल आकाराकडे बोट दाखवून ठासून सांगितलं, की ही शेवाळाची पेशी. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, सर, हा बुडबुडा आहे, कड बघा किती जाड काळी आहे. मी वरची पातळ काच हळूच दाबली. गोल सरकला, दुसऱ्याला चिकटला आणि दोन्ही मिळून एकच मोठा बुडबुडा झाला. सगळा वर्ग बघत होता.