परमुलुखात मान मिळवणारा फिरकीचा कलावंत : सुभाष गुप्ते

युरोपातील फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला आफ्रिकी खेळाडूंचे तेथील वास्तव्य नवे नाही. लायबेरियासारख्या छोट्या देशातून निघालेला जॉर्ज व्हिआ फ्रान्स आणि इटलीतील क्लबांकडून खेळला, १९९५ मध्ये जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि पुढे मायदेशाचा राष्ट्राध्यक्षही झाला. ज्या कलेला घरी पोट भरण्याइतके मोल नाही, ती घेऊन परमुलुखात जायचे आणि तेथील प्रेक्षकांच्या प्रेमावर व क्लबाच्या मानधनावर उभे राहायचे, ही वाट मात्र व्हिआपेक्षा कितीतरी जुनी आहे. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी एक मराठी क्रिकेटपटू या वाटेने गेला. व्हिआला मायदेशाने सर्वोच्च पदावर बसवले. या मराठी खेळाडूला मात्र त्याच्या मायदेशाने ऐन उमेदीत दूर लोटले. त्याचे नाव सुभाष पंढरीनाथ गुप्ते.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. शरीरयष्टी किरकोळ, खांदे अरुंद. वेगवान गोलंदाजीला लागणारी अंगकाठी त्यांच्याकडे नव्हतीच. निसर्गाने दिले होते ते लवचीक मनगट आणि बोटांतली विलक्षण जादू. लेगस्पिन ही क्रिकेटमधील सर्वांत अवघड विद्या मानली जाते. चेंडूला उंची द्यायची, फलंदाजाला पुढे येण्याचा मोह घालायचा आणि टप्पा पडल्यावर चेंडू बाहेर वळवायचा, हे सारे करताना टप्प्यावरचा ताबा राखणे भल्याभल्यांना जमत नाही. गुप्ते यांना ते तरुणपणीच साधले होते. त्यांच्याकडे गुगलीही एक नव्हे, तर दोन प्रकारच्या होत्या. पहिली ओळखू आली असे फलंदाजाला वाटावे आणि दुसरीने त्याचा घात करावा, असा प्रकार मैदानावर वारंवार घडे. त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते हेदेखील लेगस्पिनरच. तेही पुढे भारताकडून तीन कसोटी सामने खेळले.

मुंबईकडून १९४८-४९ च्या मोसमात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आलेल्या गुप्ते यांनी इंग्लंडविरुद्ध कोलकात्याला, १९५१ च्या अखेरीस सुरू झालेल्या सामन्यात कसोटी पदार्पण केले. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवड समितीने त्यांचा विचार केला नाही. त्यांचे खरे आगमन झाले ते १९५३ च्या प्रारंभी, वेस्ट इंडिजमध्ये. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच कॅरिबियन बेटांवर गेला होता. समोर वीक्स, वॉरेल आणि वॉलकॉट हे तीन 'डब्ल्यू' होते. एकट्या वीक्स यांनी त्या मालिकेत ७१६ धावा केल्या. अशा फलंदाजांसमोर तेवीस वर्षांच्या गुप्ते यांनी पाच कसोटींत २७ बळी मिळवले. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्याच कसोटीत त्यांनी १६२ धावांत ७ गडी बाद केले. त्रिनिदादचा लेगस्पिनर विल्फ्रेड फर्ग्युसन याच्या नावावरून त्यांना 'फर्गी' हे टोपणनाव मिळाले आणि ते जन्मभर चिकटून राहिले. त्याच त्रिनिदादमध्ये कॅरल या तरुणीशी त्यांचा परिचय झाला आणि पुढे विवाहही झाला. ज्या बेटाने त्यांना नाव दिले, तेच बेट एक दिवस त्यांचे घर होणार होते.

त्या काळी भारतात क्रिकेटवर संसार चालत नसे. कसोटी खेळाडूला मिळे तो जेमतेम भत्ता. बाकी उपजीविका एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर, रेल्वेच्या नोकरीवर किंवा खासगी कंपनीच्या कृपेवर अवलंबून असे. गुप्तेही मुंबईखेरीज बंगाल आणि राजस्थान या संघांकडून खेळले. खेळाचे रोख मोल मिळण्याची जागा एकच होती, ती म्हणजे उत्तर इंग्लंडमधील लीग क्रिकेट.

लँकेशायर हा इंग्लंडमधील कापड गिरण्यांचा मुलूख. विदर्भातील वाचकांना त्याचे नाव निराळ्या कारणाने परिचित असेल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा याच लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही चिमुकली रेल्वे एका ब्रिटिश कंपनीने घातली, तीही वऱ्हाडी कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लावण्यासाठीच. यवतमाळसारख्या भागातून गेलेल्या कापसावर ज्यांचे चाते फिरले, त्या गिरण्यांभोवती वाढलेल्या गावांनी आपापले क्रिकेट क्लब काढले आणि १८९२ मध्ये 'लँकेशायर लीग' उभी राहिली.

या लीगची रीत मोठी रोचक होती. संघातील सर्व खेळाडू गावचेच असत; कोणी गिरणीत काम करणारा, कोणी दुकानदार, कोणी शिक्षक. मात्र प्रत्येक क्लबाला एक व्यावसायिक खेळाडू पगारावर ठेवण्याची मुभा असे. हा 'प्रो' म्हणजे गावाची प्रतिष्ठा. शनिवारी दुपारी सामना असे आणि अवघा गाव मैदानाच्या कडेला जमे. 'प्रो'ने अर्धशतक झळकावले किंवा डावात भरघोस बळी घेतले, की प्रेक्षकांत टोपी फिरवून वर्गणी गोळा केली जाई आणि ती रक्कम त्याच्या हाती पडे. त्याने निराशा केली तर सोमवारी बाजारात त्याला जाबही द्यावा लागे. वेस्ट इंडिजच्या लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी १९२९ पासून नेल्सन क्लबाकडून खेळताना या लीगला सोन्याचे दिवस दाखवले. त्यांच्या मागोमाग अमरसिंग, लाला अमरनाथ, विजय हजारे आणि विनू मंकड हे भारतीयही तेथे गेले. १९५२ मध्ये तर मंकड हॅस्लिंग्डन क्लबाशी करारबद्ध असल्याने लॉर्ड्स कसोटीसाठी भारतीय संघाला त्यांना क्लबाकडून मागून घ्यावे लागले होते. त्याच सामन्यात मंकड यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि पाच बळीही टिपले.

याच परंपरेत गुप्ते १९५० च्या दशकात रिश्टन क्लबाचे 'प्रो' झाले. ब्लॅकबर्न आणि अ‍ॅक्रिंग्टन यांच्या मधोमध, कालव्याच्या काठी वसलेले हे छोटे गिरणगाव. पुढे १९८७ मध्ये व्हिव्ह रिचर्ड्स यांच्यासारखा दिग्गज याच क्लबाकडून खेळला, यावरून त्या जागेचा मान ध्यानात यावा. थंड हवा, ओलसर आणि संथ खेळपट्टी, बोटे गारठून टाकणारा वारा. मनगटी फिरकीला प्रतिकूल असे सारे काही तेथे होते. इंग्लंडचा मोसम एप्रिल ते सप्टेंबरचा, म्हणजे भारतातील उन्हाळ्याचा व पावसाळ्याचा. त्यामुळे गुप्ते यांच्या बोटांना वर्षाचे बाराही महिने काम मिळू लागले. आठवड्यामागून आठवडे एका गावाची सारी आशा खांद्यावर घेऊन गोलंदाजी करायची सवय त्यांना जडली. पुढे भारतीय संघाचा भार एकट्याने वाहताना ती कामी आली.

आणि तो भार खरोखरच एकट्याचा होता. मंकड आणि गुलाम अहमद या थोर फिरकी गोलंदाजांचा बहर ओसरत चालला होता. डिसेंबर १९५४ मध्ये मुंबईत पाकिस्तानी सेनादले व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध गुप्ते यांनी ७८ धावांत डावातील दहाही गडी टिपले. लगोलग झालेल्या पाकिस्तान दौऱ्यात पाच कसोटींत २१ बळी त्यांच्या नावे लागले. त्यांपैकी ढाक्याला अवघ्या १८ धावांत पाच. पुढच्याच मोसमात न्यूझीलंडच्या फलंदाजांना त्यांनी अक्षरशः नाचवले. पाच कसोटींत ३४ बळी, तेही प्रत्येकी वीस धावांहून कमी सरासरीने. शंभर कसोटी बळींचा टप्पा गाठणारे ते मंकड यांच्यानंतरचे दुसरे भारतीय ठरले.

डिसेंबर १९५८ मधील कानपूर कसोटी हा या कलेचा कळस. वेस्ट इंडिजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला आणि त्यातील नऊ गडी एकट्या गुप्ते यांनी १०२ धावांत गारद केले. त्याआधी एकाही भारतीयाने कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेतलेले नव्हते. दहावा गडी होता लान्स गिब्ज. त्याचा झेल गुप्ते यांच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षकाच्या हातून निसटल्याचे सांगितले जाते. अखेर पदार्पण करणाऱ्या वसंत रांजणे यांनी त्याचा त्रिफळा उडवला. तोवर कसोटीत डावातील दहाही बळी घेण्याची किमया फक्त जिम लेकर यांनी केली होती. तो मान गुप्ते यांना थोडक्यात हुकला. विशेष म्हणजे एवढी गोलंदाजी करूनही भारत तो सामना २०३ धावांनी हरला. दुसऱ्या डावात गॅरी सोबर्स यांनी १९८ धावा ठोकल्या आणि भारतीय फलंदाजीने नांगी टाकली. त्या मालिकेत पाच कसोटींसाठी मंडळाने चार कर्णधार बदलले, यावरून कारभाराची कल्पना यावी. पुढील वर्षी इंग्लंड दौऱ्यात भारताने पाचही कसोटी गमावल्या. तेथेही कसोटींत १७ आणि एकंदर दौऱ्यात ९५ बळी गुप्ते यांनी मिळवले. स्लिपमध्ये झेल सुटत राहिले, क्षेत्ररक्षक मंदगतीने हलत राहिले, तरी या गोलंदाजाने चेंडूला उंची देण्याचे धाडस सोडले नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात होता. कानपूर कसोटीत गुप्ते यांनी ९० धावांत पाच गडी बाद केले आणि भारताविरुद्ध फॉलोऑन घेण्याची वेळ इंग्लंडवर प्रथमच आली. पुढचा सामना दिल्लीत झाला. तो गुप्ते यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला.

कारण घडले ते मैदानाबाहेर. दिल्लीतील हॉटेलात गुप्ते आणि कृपालसिंग एका खोलीत उतरले होते. कृपालसिंग यांनी खोलीतून स्वागतकक्षातील तरुणीला फोन केला आणि कामानंतर आपल्यासोबत पेयपानाला येण्याविषयी विचारले. तिने संघव्यवस्थापनाकडे तक्रार केली. फोन गुप्ते यांनी केला नव्हता आणि तसा आरोपही नव्हता. त्यांचा दोष एवढाच, की ते त्या खोलीत राहत होते आणि त्यांनी सहकाऱ्याला थांबवले नाही. मंडळाने दोघांनाही संघाबाहेर ठेवले. १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठीही त्यांचा विचार झाला नाही. धिप्पाड कृपालसिंगांना आपण आवरणार तरी कसे, हा गुप्ते यांचा साधा सवाल कोणी मनावर घेतला नाही.

या निर्णयाची विसंगती पुढे अधिकच उघडी पडली. कृपालसिंग यांना काही काळाने पुन्हा भारताकडून खेळण्याची संधी मिळाली. गुप्ते यांच्यासाठी मात्र दार कायमचे बंद झाले. ज्या मालिकेत इंग्लंडवर पहिल्याच मालिका विजयाचा आनंद देशाने साजरा केला, तिच्या अखेरच्या दोन विजयी सामन्यांत ते नव्हते. त्यापाठोपाठ वेस्ट इंडिजमध्ये भारत पाचही कसोटी हरला. ज्या भूमीवर नऊ वर्षांपूर्वी गुप्ते यांनी नाव कमावले होते, तेथेच त्यांच्याविना ही वाताहत झाली. तेव्हा त्यांचे वय होते बत्तीस. फिरकी गोलंदाजाची कला या वयात परिपक्व होते. ३६ कसोटींत १४९ बळी एवढ्यावर त्यांची कारकीर्द थांबली.

गुप्ते यांनी आक्रस्ताळेपणा केला नाही. ते पत्नीच्या देशात, त्रिनिदादमध्ये निघून गेले आणि तेथेच स्थायिक झाले. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करार करून नेलेल्या भारतीय मजुरांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी या बेटाला लागले होते. त्यांच्या वंशजांनी गजबजलेल्या या भूमीत मुंबईचा हा मराठी माणूस परका राहिला नाही. १९६३-६४ च्या मोसमात ते त्रिनिदाद संघाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळले. ११५ प्रथम श्रेणी सामन्यांत ५३० बळी नोंदवून त्यांनी चेंडू खाली ठेवला. त्यानंतर भारतीय संघ त्रिनिदादला गेला, की जुन्या जाणत्यांची पावले फर्गीच्या घराकडे वळत. उतारवयात त्यांना चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

त्यांच्या योग्यतेची साक्ष प्रतिस्पर्ध्यांनीच अधिक दिली. गॅरी सोबर्स यांनी शेन वॉर्न यांचा काळ पाहिल्यावरही गुप्ते यांनाच सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानले. भारतीय क्रिकेट मंडळाने आपल्या या खेळाडूची आठवण ठेवली ती २००० मध्ये, नागपूरचे सुपुत्र कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार देऊन. पायउतार करताना काही दिवसही न लावणाऱ्या मंडळाला ही परतफेड करायला जवळपास चार दशके लागली.

३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे सुभाष गुप्ते यांचे निधन झाले. भारतीय संघ त्या वेळी वेस्ट इंडिजच्याच दौऱ्यावर होता. आज भारतीय क्रिकेटपटूंसाठी घरच्याच लीगमध्ये कोट्यवधींच्या बोली लागतात आणि परदेशी खेळाडू रोजगारासाठी भारतात येतात. बाजाराचा ओघ उलटा फिरला आहे. गुप्ते यांच्या कथेतला प्रश्न मात्र पैशापुरता नव्हता. रिश्टनच्या गिरणी कामगारांनी आणि त्रिनिदादच्या लोकांनी त्यांना जे दिले, ते म्हणजे एका कलावंताची कदर. खेळाडूचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याइतकी कदर स्वदेशातील धुरिणांनी दाखवली असती, तर १४९ हा आकडा कितीतरी पुढे गेला असता आणि एका मराठी माणसाची अखेर त्याच्या मुंबईपासून इतक्या दूर झाली नसती.