ताराबाई शिंदे

ताराबाई शिंदे यांनी एकच लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. पण त्या एका पुस्तकामुळे मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले आहे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास वऱ्हाडातील बुलढाणा येथे झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. चार भावांत ताराबाई एकुलती एक बहीण. मुलींना शिकवण्याची तेव्हा रीत नव्हती, तरी वडिलांनी त्यांना मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. बापूजी हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यामुळे नव्या विचारांची चर्चा घरातच कानावर पडे. ताराबाईंचे लग्न झाले, पण त्या सासरी गेल्या नाहीत. त्यांचे पती घरजावई होते.

१८८१ साली सुरत येथील एक खटला फार गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेने आपल्या नवजात बाळाचा जीव घेतला, असा तिच्यावर आरोप होता. कोर्टाने तिला फाशीची शिक्षा दिली. पुढे अपिलात ती शिक्षा कमी झाली. विधवेला पुन्हा लग्न करण्याची परवानगी कायद्याने १८५६ सालीच दिली होती, परंतु उच्च जातींना ते मान्य नव्हते. खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर टीका सुरू झाली. ताराबाईंना ती सहन झाली नाही. त्यांनी लेखणी उचलली.

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध छापला गेला. ५०० प्रती निघाल्या. किंमत होती नऊ आणे. तुलना म्हणजे उर्दूत ज्याला आपण मुवाझना म्हणतो ते. ताराबाईंनी खरोखरच तराजू हातात घेतला. स्त्री कपटी, स्त्री मूर्ख, स्त्री चंचल, असा एकेक आरोप त्या घेतात आणि तोच दोष पुरुषात किती आहे, ते दाखवतात. स्त्रीला ज्ञान नाही म्हणता, पण तिला घराबाहेर जाऊ कोण देतो? बायको मरताच पुरुष दुसरी आणतो, मग नवरा मेल्यावर स्त्रीचेच केस का कापायचे? धर्म बुडाला म्हणून ओरडणारे पुरुष स्वतः साहेबी पोशाख करून मिरवतात, याचीही त्या भरपूर थट्टा करतात. वऱ्हाडची बोली आपल्या पेण-रोह्याच्या बोलीहून वेगळी. त्यामुळे पुस्तकातले काही शब्द आपल्याला अडतात, पण त्यांचा रोख लगेच समजतो.

ही अडचण केवळ आपल्या देशातली नव्हती. इंग्लंडमध्ये कॅथरीन मॅकॉले या विदुषीने १७६३ ते १७८३ या काळात आपल्या देशाचा इतिहास आठ खंडांत लिहिला. राजकारणावरही त्यांनी निर्भयपणे लिहिले. पण १७७८ साली या विधवा बाईंनी वयाने बऱ्याच लहान तरुणाशी लग्न केले, तेव्हा लोकांनी त्यांची टिंगल केली. ज्या गोष्टीसाठी पुरुषाला कोणी हसत नाही, तिच्यासाठी बाईला हसतात. ताराबाईंची तक्रार नेमकी हीच होती.

ताराबाईंच्या वाट्यालाही टीका आली. जवळच्या मंडळींपैकी काहींनाही त्यांचे लिहिणे रुचले नाही. जोतीराव फुले मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ साली आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांनी टीकाकारांना खडसावले. उर्दूत सय्यद मुमताज अली यांचे 'हुकूक-ए-निसवाँ' १८९८ साली आले, म्हणजे ताराबाईंच्या पुस्तकानंतर सोळा वर्षांनी. आणि तेही एका पुरुषाने लिहिलेले.

यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. हळूहळू लोक त्यांना विसरले. पुढे डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा छापून वाचकांपुढे ठेवली. १९९४ मध्ये तिचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला.