लिओ फेंडर: गिटार वाजवता न येणाऱ्या माणसाने बेसला आवाज कसा दिला?

एखादं गाणं आधी मोबाईलच्या स्पीकरवर लावा, मग तेच हेडफोनवर ऐका. हेडफोनवर जो खालचा, घुमणारा सूर अचानक सापडतो, तो बहुतेक वेळा बेस असतो. मोबाईलचा स्पीकर इतका छोटा असतो की त्या सुरासाठी लागणारी हवा तो हलवूच शकत नाही. ७० वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका माणसासमोर होता. फरक एवढाच की त्याला अख्खा नाचाचा हॉल भरायचा होता.

हिशेब सुटला, रेडिओ हाती आला

लिओ फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियातल्या शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच एक डोळा गेला. पुढे ते हिशेबाचं काम शिकले, पण मंदीत नोकरी गेली. १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे वादक आपले बिघडलेले अँप्लिफायर घेऊन यायचे. लिओंना गिटार वाजवता येत नव्हती, पण वादकांच्या तक्रारी ते नीट ऐकून घ्यायचे. माझ्या मते त्यांची खरी ताकद हीच.

तेव्हाचा बेस म्हणजे माणसाहून उंच डबल बेस. नेणं कठीण, आणि ड्रमसमोर ऐकू येणं त्याहून कठीण. १९५१ मध्ये लिओंनी गळ्यात अडकवता येईल असा प्रिसिजन बेस आणला. त्याच्या मानेवर धातूच्या पट्ट्या होत्या, त्यामुळे बोट थोडं मागेपुढे पडलं तरी सूर नेमका लागायचा. म्हणून नाव प्रिसिजन.

खोक्याची मागची बाजू

आता अडचण आली आवाजाची. बेसची सर्वात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. त्या आवाजाची एक लाट ८ मीटरहून लांब असते! स्पीकर पुढे हवा ढकलतो, तेव्हा मागे हवा ओढली जाते. खोकं मागून उघडं असेल, तर मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारते. खालचा सूर तिथेच विरतो.

१९५२ च्या पहिल्या बेसमन अँपमध्ये १५ इंचांचा एकच स्पीकर होता. पाठ बंद, तिला दोन गोल भोकं, आणि ताकद साधारण २६ वॉट. मग १९५४ च्या अखेरीस १० इंचांचे चार स्पीकर आले, म्हणजे भार चौघांत वाटला गेला. पण या खोक्याची पाठ बरीचशी उघडी होती. आवाज वाढवला की सूर फाटायचा. बेसवाल्यांना नको असलेला हाच फाटका आवाज गिटारवाल्यांना भलताच आवडला! पुढे लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी याच बेसमनच्या सर्किटवरून आपला पहिला अँप बनवला. रॉकचा तो गाजलेला गिटार-आवाज असा बेसच्या अँपमधून निघाला.

लिओ मात्र बेस विसरले नाहीत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेसमनचे दोन भाग झाले: अँप वेगळा आणि स्पीकरचं खोकं वेगळं. खोक्याची पाठ पुन्हा बंद!

कंपनी विकली, काम नाही

आजारपणामुळे लिओंनी जानेवारी १९६५ मध्ये १.३ कोटी डॉलरला कंपनी सीबीएसला विकली. नंतर ते बरे झाले आणि परत कामाला लागले. आधी म्युझिक मॅन, मग जी अँड एल. पार्किन्सन्स झाल्यावरही त्यांनी काम सोडलं नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचं निधन झालं.

आज शेकडो वॉटचा बेस अँप पाठीवरच्या बॅगेत मावतो, कारण क्लास-डी सर्किट वीज फारशी वाया घालवत नाही. स्पीकरची चुंबकंही हलकी झालीत. पण ८ मीटरची लाट काही आखूड झालेली नाही. म्हणून माझा साधा सल्ला: बेस शिकायचा असेल, तर गिटारच्या छोट्या अँपवर तो जोरात वाजवू नका, स्पीकर फाटू शकतो. आणि अँप घेताना नुसते वॉट मोजू नका. स्पीकर किती मोठा आहे ते बघा, आणि खोकं फिरवून त्याची पाठही बघा.