खण शोधणारा माणूस : हान्स पीटर लून

मोबाइलवर *#०६# दाबून बघा. पंधरा आकडी नंबर येईल. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून हिशेबाने काढलेला असतो. नंबर लिहिताना एखादा आकडा चुकला की हिशेब जुळत नाही, चूक पकडली जाते. क्रेडिट कार्डालाही हीच युक्ती. ती हान्स पीटर लून यांची. पण आपल्या ब्रँचवर त्यांचे उपकार याहून मोठे आहेत.

लून १८९६ साली जर्मनीतल्या बार्मेनला जन्मले. वडील मुद्रक. पुढे अमेरिकेत जाऊन ते कापडधंद्यात रमले. कापडात इंचाला किती धागे हे चटकन सांगणारं 'लूनोमीटर' त्यांनी बनवलं. आयबीएममध्ये आले १९४१ साली, पंचेचाळिशीला टेकल्यावर! ऐंशीहून जास्त पेटंट्स त्यांच्या नावावर आहेत.

त्या काळी रेकॉर्ड शोधायचं म्हणजे पहिल्यापासून एकेक बघत जायचं. मेसच्या हजार खात्यांत आपलं खातं असं शोधलं तर सरासरी पाचशे तरी उलटावी लागतील. खाती क्रमाने लावून दरवेळी निम्मी बाजूला टाकली तर दहा वेळा बघून काम होतं. जानेवारी १९५३ मध्ये लून यांनी ऑफिसातल्या एका टिपणात वेगळंच सुचवलं. नंबरावर थोडं गणित करा, येईल तो खणाचा क्रमांक, थेट तिथेच जा. दोन नंबर एकाच खणात आले तर? त्यांची साखळी करा. यालाच पुढे हॅशिंग म्हणू लागले.

मग सगळीकडे हॅशिंगच का नाही? कारण खणांत क्रम राहत नाही. 'गेल्या महिन्याची सगळी बिलं तारखेप्रमाणे द्या' म्हटलं की पंचाईत. म्हणून आयबीएमच्याच एएस/४०० वर आरपीजी लिहिणारे क्रमवार इंडेक्स वापरतात. एक रेकॉर्ड हवं तर 'चेन'. ते आहे की नाही एवढंच बघायचं तर 'सेटएलएल', रेकॉर्ड वाचायचंच नाही. आमच्यासारखे मात्र लूप लावून पूर्ण फाइल वाचत बसतात, आणि व्हायव्हात सर विचारतात तेव्हा खाली बघतात.

गंमत म्हणजे क्रम मोडणाऱ्या लून यांनी स्वतःच १९५८ मध्ये क्रमाचाच आधार घेतला. शोधनिबंधांच्या शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द, आजूबाजूच्या शब्दांसकट, अकारविल्हे लावून त्यांनी मशीनकडून सूची छापून घेतली. 'क्विक' इंडेक्स ती हीच. इथे शोधणाऱ्याला नेमका नंबर ठाऊक नसतो, एखादा शब्द तेवढा आठवत असतो. तिथे खणाचं गणित काय कामाचं?

आकडे तपासायच्या युक्तीचं पेटंट त्यांनी १९५४ मध्ये मागितलं, मिळालं १९६० मध्ये. पुढच्याच वर्षी ते आयबीएममधून निवृत्त झाले आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये वारले.