क्रोमचा किमयागार : हार्ले अर्ल

१९४९ ची ब्यूक ओळखायची असेल, तर पुढच्या मडगार्डवरील गोल छिद्रे मोजावीत. तीन असतील तर 'सुपर', चार असतील तर महागडी 'रोडमास्टर'. ही छिद्रे नेड निकल्स यांना सुचली. परंतु मालकाची ऐपत मोटारीच्या अंगावर मिरविण्याची प्रथा रुजविली ती त्यांचे वरिष्ठ हार्ले अर्ल यांनी.

अर्ल यांचा जन्म १८९३ मध्ये हॉलिवूडचा. घोडागाड्या बांधणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात त्यांनी चित्रपट-ताऱ्यांसाठी मोटारी सजविल्या. १९२७ ची 'ला सॅल' पाहून जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी रूपरचनेचा स्वतंत्र विभागच त्यांच्या हाती सोपविला. पी-३८ या लढाऊ विमानाच्या दुहेरी शेपटीवरून १९४८ च्या कॅडिलॅकला चिमुकले पंख फुटले. १९५९ च्या कॅडिलॅकवर तेच पंख गगनाला भिडले. त्यांत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे जोडदिवे. ती कॅडिलॅक दुरूनही ओळखू येते.

१९५८ च्या ब्यूक आणि ओल्ड्समोबिलवर मात्र क्रोमचा अक्षरशः अतिरेक झाला. हाताखालचे तरुण कलावंतही कंटाळले होते. अर्ल त्याच वर्षी निवृत्त झाले आणि १९६९ मध्ये फ्लोरिडात निवर्तले. तोवर कॅडिलॅकचे पंख पार ओसरले होते.