भक्षक पेशींचा शोध घेणारे इल्या मेचनिकॉव्ह

मैदानावर खेळताना गुडघा फुटतो, दुसऱ्या दिवशी तो लाल होतो, सुजतो आणि कधी कधी त्यात पू होतो. पू म्हणजे नुसती घाण, असे आपल्याला वाटते. खरे तर त्यात जंतूंशी लढताना कामी आलेल्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने असतात. या पेशी शरीराचे रक्षण करतात, हे जगाला पटवून देण्यासाठी एका शास्त्रज्ञाने आयुष्य वेचले. त्यांचे नाव इल्या मेचनिकॉव्ह.

त्यांचा जन्म १८४५ साली खारकीव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. लहानपणापासून त्यांना किडे, वनस्पती यांचे भारी वेड. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला आणि तरुण वयातच ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले.

पण घरी सुख नव्हते. त्यांची पहिली पत्नी लुडमिला क्षयाने इतकी अशक्त झाली होती की, १८६९ साली लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवापालट झाला, औषधे झाली, तरी १८७३ साली ती गेली. मेचनिकॉव्ह पार खचून गेले. पुढे १८७५ साली ओल्गा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण १८८० साली त्यांनाही टायफॉइडने गाठले. सुदैवाने त्या वाचल्या. एक माणूस आजारातून उठतो, दुसरा उठत नाही. शरीराच्या आत असे काय घडते? त्या काळी याचे नीट उत्तर कोणाकडेच नव्हते.

१८८२ साली विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून त्यांनी राजीनामा दिला आणि ते कुटुंबासह इटलीतील सिसिली बेटावर, मेसिना या गावी जाऊन राहिले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहायला गेली. मेचनिकॉव्ह मात्र सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या अळ्या पाहत होते. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. पाहता पाहता त्यांच्या मनात आले, या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूवर धावून जात असतील तर?

त्यांनी बागेतल्या गुलाबाचे बारीक काटे आणले आणि अळीच्या त्वचेखाली टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो त्या फिरत्या पेशींनी काट्याभोवती गर्दी केली होती! अळीला रक्तवाहिन्या नसतात. तरीही पेशी शत्रूपाशी पोहोचल्या होत्या. पुढे पाणपिसू या इवल्याशा प्राण्यात बुरशीचे बीजाणू शिरले की अशाच पेशी ते गिळून पचवतात, हेही त्यांनी पाहिले. या पेशींना भक्षक पेशी असे नाव मिळाले.

त्या वेळी अनेक डॉक्टरांचा समज उलटा होता. पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात, असे ते मानत. त्यामुळे मेचनिकॉव्ह यांच्यावर टीकेची झोड उठली. १८८८ साली लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली आणि ते अखेरपर्यंत तेथेच राहिले. ओडेसा येथील त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हेही पाठोपाठ त्याच संस्थेत आले. याच हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

१८९० साली बेरिंग आणि किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वाताचे विष निकामी करणारे द्रव्य रक्तद्रवात असते, हे दाखवले. आता दोन तट पडले. एक म्हणे पेशी लढतात, दुसरा म्हणे रक्तातील प्रतिपिंडे लढतात. हा वाद अनेक वर्षे चालला. अखेर १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि दुसऱ्या तटाचे पॉल एर्लिख या दोघांना विभागून देण्यात आले.

आज आपल्याला ठाऊक आहे की दोघेही खरे होते. जंतूच्या आवरणावरील ठरावीक खुणा भक्षक पेशी ओळखतात आणि त्याला गिळतात. काही भक्षक पेशी त्याचे तुकडे इतर पांढऱ्या पेशींना दाखवतात. मग त्या पेशींच्या मदतीने नेमकी त्याच जंतूला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. प्रतिपिंडे चिकटलेला जंतू भक्षक पेशींना पकडणे सोपे जाते. काही पेशी त्या शत्रूची ओळख जपून ठेवतात. लस काम करते ती यामुळेच.

उतारवयात मेचनिकॉव्ह यांनी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. त्याने आयुष्य वाढते हे त्यांचे मत सिद्ध झाले नाही, पण आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंकडे त्यांनी जगाचे लक्ष वेधले. १९१६ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.

मित्रांनो, पत्नीला वाचवू न शकलेल्या या माणसाने निराशेवर मात करून प्रश्न विचारणे चालूच ठेवले. त्यासाठी त्यांना मोठी यंत्रे लागली नाहीत. एक सूक्ष्मदर्शक, बागेतला काटा आणि सकाळपर्यंत वाट पाहण्याची चिकाटी एवढे पुरले. पुढच्या वेळी गुडघा फुटला तर जखम स्वच्छ धुवा, गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवा आणि आत लढणाऱ्या त्या पेशींची आठवण जरूर ठेवा.