कामकरी मुलांचे गुरु : संत योहान बोस्को

संत योहान बोस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं इटलींतील पिडमाँट प्रांतांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच पितृछत्र हरपलें. माता मार्गारिता यांनीं कष्टानें त्यांचें संगोपन केलें. १८४१ सालीं गुरुदीक्षा घेऊन ते तुरिन शहरीं आले. तेथें खेड्यांतून पोटासाठीं आलेलीं मुलें गवंड्यांच्या हाताखालीं दिवसभर राबत. कित्येक तर तुरुंगांत खितपत पडलीं होतीं. दिवसाच्या शाळेचा त्यांस काय उपयोग? हें जाणून डॉन बोस्को यांनीं रविवारीं व रात्रीं वर्ग भरविले. जागेसाठीं पुष्कळ वणवण झाली. अखेर १८४६ च्या ईस्टर सणास वाल्दोक्को येथें एक पडवी मिळाली. तेथें धर्मशिक्षण, लेखनवाचन, गायन व खेळ एकत्र नांदूं लागले. १८५० पासून राज्यांत दशमान मापें सक्तीचीं होणार, म्हणून त्यांनीं त्यांवर सोपें पुस्तक लिहिलें. मालकांशीं लेखी करार करून, मुलांस मारूं नये व सणावारीं विसांवा द्यावा, अशा अटी घातल्या.

१८७५ सालीं त्यांचे शिष्य अर्जेंटिनास गेले व हें कार्य परदेशीं पोंचलें. ३१ जानेवारी १८८८ रोजीं डॉन बोस्को ख्रिस्तवासी झाले. १९०६ सालीं त्यांचा सलेशियन संघ भारतांत आला. १९३४ सालीं पवित्र ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें.

प्रिय बंधुभगिनींनो, शाळेची घंटा ज्याच्यासाठीं वाजत नाहीं, असें एखादें मूल आपल्या शेजारींही असेल. त्याच्या सवडीची वेळ पाहून त्यास शिकविणें, हीच या संताची खरी भक्ति होय.